तारा काढल्या तरी खरखर

भुताखेतांवर, करणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. माझं कामच प्रत्येक आवाजाचं कारण शोधायचं. नांदेडला वजिराबादेत माझं वाद्यं आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. स्पीकर फाटका वाजला तर आतला कागदी कोन गेलेला असतो, कीबोर्ड चरचरला तर आत धूळ असते. कारण सापडलं नाही असं एकच वाद्य माझ्या टेबलावर आलं... आणि ते का आलं, हे सांगायचं तर आधी माझीच करणी सांगावी लागेल.

विश्वंभरदादा आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. राहणारे चाकूरचे, माझ्याहून बरेच मोठे. लग्न असो, जयंती असो, दादांचा बेस सगळ्या गाण्याला खालून धरून ठेवायचा. मी स्टेजच्या मागे, सोल्डरिंग आयर्न आणि चिकटपट्टी घेऊन. बेस मलाही यायचा. बरा यायचा. पण दादा असताना मला पुढे कोण उभं करणार?

गेल्या उन्हाळ्यात लातूरला एका रिसेप्शनचा कार्यक्रम होता. सामान दिवसभर टेम्पोत, उन्हात पडलेलं. साउंडचेकला दादांनी सगळ्यात जाड तार छेडली आणि — खर्रर्र. तार खालच्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीला, घासत होती.

"मेस्त्री, ये खरखर कायकू आ रई?" ऑर्केस्ट्राचे मालक बब्बूभाई ओरडले. "देखो जरा!"

मी बेस मांडीवर घेतला. तार दांडीच्या दोन्ही टोकांना दाबून मध्ये पाहिलं. तिथे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट लागते. फट नव्हतीच. उन्हानं दांडी मागे कलली होती. दांडीच्या आत एक लोखंडी रॉड असतो, तो पाव आटा सैल केला की तारा दांडीला जराशा पुढे ओढतात आणि खरखर थांबते. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. चावी माझ्या खिशात होती.

मी म्हणालो, "गिटार ठीक आहे, भाई."

"फिर?"

"हात."

दादांना शुगर आहे. पायाला मुंग्या येतात, हे त्यांनी विश्वासानं फक्त मला सांगितलं होतं. ते मी बरोबर वापरलं. दादा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

"हाव रे... मलाबी तसंच वाटून राहिलं होतं. दाबच बसंना गेलाय." मग पट्टा खांद्यावरून काढून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातला. "वाजव मेस्त्री. लोकाचं लगीन हाय, कारेक्रम बिघडू देऊ नको."

मी पडद्यामागे जाऊन रॉड सैल केला. कुणी पाहिलं नाही. बेस लख्ख वाजला.

"देखे दादा?" बब्बूभाई म्हणाले. "हाथ का मामला था."

दादा मान डोलावून हसले. त्या दिवसानंतर ते कार्यक्रमाला आले नाहीत. बेसही माझ्याकडेच राहू दिला. "घरात बघवत न्हाई," म्हणाले.

दिवाळीच्या सुमाराला खरखर परत आली. माझ्या हातात. तीच जाड तार, तिसरा फ्रेट.

मी फट मोजली — बरोबर. खालच्या टोकाला तार उचलून पाहिली, नव्या तारा टाकल्या, फ्रेट घासून एका पातळीत आणले. खरखर तशीच. गंमत म्हणजे दुकानात येणारं कुणीही गिऱ्हाईक वाजवायचं तेव्हा आवाज स्वच्छ. मी हातात घेतला की खर्रर्र. बब्बूभाईंनी एकदा विचारलंही, "क्या मेस्त्री, तुमकू भी शुगर हुई क्या?" सगळे हसले. मीही हसलो.

एका दुपारी ठरवलं, सगळं उघडून बघायचं. चारही तारा काढून टेबलावर गुंडाळून ठेवल्या. वायर काढलेली, अॅम्प बंद. नुसतं लाकूड उताणं पडलेलं. बायको सुनंदा डबा घेऊन आली होती, समोर बसून काकडी चिरत होती. मी फ्रेट पुसायला फडकं उचललं... आणि तो आवाज झाला. खर्रर्र. तोच सूर, तिसऱ्या फ्रेटचा.

मला भास झाला म्हणावं तर सुनंदाचा हात थांबला होता.

"तार सैल हाय का हो?" तिनं विचारलं.

तिनं टेबलावरच्या गुंडाळीकडे पाहिलं, मग बेसकडे. चाकू खाली ठेवला.

"अहो... तारा तर इथं हायत."

बाहेर ट्रॅक्टर नव्हता, शेजारी पिठाची गिरणी नाही. मी नंतर सगळं तपासलं. पण त्या क्षणी मी तपासलं काहीच नाही. मी घडाघडा तिला लातूरचं सगळं सांगितलं. ती ऐकून एवढंच म्हणाली, "मला काय सांगून राहिले? चाकूरला जा."

तारा परत चढवल्या आणि सकाळच्या एसटीनं बेस घेऊन गेलो. दादा ओट्यावर बसून तूर निवडत होते.

"या मेस्त्री, या! नांदेडात दुष्काळ पडला की काय, आमच्या घरी चहाला आलास ते?"

चहा येण्याआधीच मी सांगून टाकलं. रॉड, चावी, पडदा — सगळं. दादा सुपातली तूर बोटानं सारत राहिले. शिवी देतील असं वाटलं होतं, द्यायला हवी होती.

मग सूप बाजूला ठेवून म्हणाले, "आण हिकडं."

त्यांनी बेस मांडीवर घेतला. तिसरा फ्रेट दाबला. खर्रर्र. पुन्हा. पुन्हा. मी फट पाहिली, बरोबर होती. त्यांनी बेस माझ्याकडे दिला. मी वाजवला आणि माझ्याच अंगावर काटा आला. स्वच्छ. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात तो स्वच्छ वाजला.

दादांनी पंजा उघडला, मिटला. "साल होत आलं, तारेला हात लावला न्हाई. कशाला लावायचा, म्हनलं, गेलाच हाय तर." मग माझ्याकडे पाहिलं. "मेस्त्री, आता तरी खरं सांग. गिटार का हात?"

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

मी म्हणालो, "हात, दादा."

बेस आता चाकूरलाच आहे. ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवणं सोडलं, बब्बूभाईंना का ते सांगून. तारा नसताना काय वाजलं याचं कारण मला सापडलेलं नाही. लाकूड तडकलं असेल म्हणतात, पण लाकूड सुरात तडकत नाही. माझ्या हातातली खरखर नेमकी त्या ओट्यावर कशी गेली, तेही कळत नाही. ती माझ्याकडेच राहायला हवी होती.

दादा रोज रियाज करतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही — फोन बेसजवळ धरतात आणि तीच जाड तार छेडतात.

"कमी झाली का रे?"

मी कान देऊन ऐकतो. हो म्हणावंसं फार वाटतं.

"आहे अजून, दादा," मी म्हणतो.