रुमालातला प्रसाद

फादरांनी मला विचारलं आणि मी खोटं बोललो. घाबरून बोललो, दुष्टपणानं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण ज्याला ते भोगावं लागलं, त्याला या फरकाचा काही उपयोग नव्हता.

हवाईच्या एका बेटावर बाबा डॉक्टर होते. हॉस्पिटल कॅथलिक सिस्टरांचं, माझी शाळाही त्यांच्याच चर्चची. ग्रीन कार्ड अजून यायचं होतं, त्यामुळे कुणाच्या नजरेत येईल असं काही करायचं नाही, हे घरात न सांगता ठरलेलं होतं. ऐंशीच्या दशकातला मे महिना. शाळेचं वर्ष संपत आलेलं. लॉकर रिकामे, मुलं कॉरिडॉरमध्ये बसून एकमेकांच्या वार्षिकांकावर सह्या करतायत, आणि उतारावरच्या शेतांत ऊस जाळत असल्यानं काळी राख उडून आमच्या समारंभासाठीच्या पांढऱ्या गाऊनवर पडायची. झटकली की डाग पसरतो, नुसती फुंकर मारायची, हे मला मित्रानं शिकवलं.

हा मित्र वर्गातला सगळ्यांत वांड. आजीकडे वाढलेला. त्या वर्षी त्यानं चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या कुंडात खेकडा सोडला होता, आणि आणखी एक तक्रार आली तर ग्रॅज्युएशनला, शाळा संपल्याच्या समारंभात, स्टेजवर चढता येणार नाही, असं फादरांनी त्याला बजावलं होतं. त्याला स्वतःला स्टेजचं काही नव्हतं, पण आजीसाठी चढायचंय म्हणायचा. त्यांच्या घरात शाळा पूर्ण करणारा तो पहिलाच. ग्रॅज्युएशनच्या दिवशी मुलांच्या गळ्यात फुलांचे हार घालतात, लेई म्हणतात त्यांना. हनुवटी दिसेनाशी होईपर्यंत घालतात. त्यासाठी अंगणातल्या चाफ्याची फुलं आजी कुणाला तोडू देत नव्हती.

ग्रॅज्युएशनच्या आदल्या शुक्रवारी आमच्या वर्गासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. कम्युनियनच्या, म्हणजे फादरांच्या हातून प्रसाद घ्यायच्या वेळी कॅथलिक नसलेल्यांनी बाकावरच बसायचं, हे मला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं मी बसतच आलो होतो. पण त्या दिवशी आम्हांला सर्वांत पुढे बसवलेलं. अख्खी रांग उठली. मागे सगळी शाळा आणि पुढे मी एकटाच बसलेला, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी उठलो. मित्र माझ्या पुढे होता. त्यानं ती पातळ, पांढरी भाकरीची चकती घेतली, जरा बाजूला सरकला आणि तोंडात टाकली. त्याचा जबडा हललेला मला दिसला.

मग माझी पाळी आली. डाव्या हातावर उजवा हात ठेवून, तीर्थाला करतो तशी मी ओंजळ पुढे केली. हातावर प्रसाद पडला, आणि पुढचं हातानं आपोआप केलं. आमच्याकडे बाहेरचा प्रसाद एकट्यानं खात नाहीत, घरच्यांसाठी आणतात. मी चकती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

मिस्सा संपल्यावर आम्हांला थांबवलं. कुणाचा तरी हात गाऊनखाली खिशाकडे गेलेला एका सिस्टरांनी मागून पाहिला होता, पण पाठमोरे सगळे सारखेच. फादर रागावले नाहीत. आमच्यासाठी ते प्रत्यक्ष प्रभूचं शरीर आहे, ते तिथेच खायचं असतं, बाहेर न्यायचं नसतं, ज्यानं नेलं त्यानं कृपा करून परत आणून द्यावं, एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. आपण काय नेलंय, ते मला तेव्हा कळलं. रुमाल मांडीला लागत होता. एक पाऊल पुढे टाकायचं, रुमाल काढून द्यायचा. पण मला बाबांची नोकरी दिसत होती, परत जाण्यासाठी आईनं भरलेल्या बॅगा दिसत होत्या.

संशय खेकडेवाल्यावर गेला. ऑफिसच्या दाराशी तो मला म्हणाला, "खेकडा माझा, कबूल. पण हे मी नाही केलं. तू मागेच होतास, सांग ना त्यांना."

आत फादरांनी विचारलं, "त्यानं खाल्लेलं तू पाहिलंस?"

"माझं लक्ष नव्हतं, फादर."

मित्र हसला. मी थट्टा करतोय आणि आता खरं सांगेन, असं त्याला वाटलं असावं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

घरी धुण्याचे कपडे काढताना आईला रुमाल सापडला. कुठला रे प्रसाद, तिनं विचारलं. शाळेतला, मी म्हणालो. तिनं तो देवापुढे ठेवला, हात जोडले आणि तीन तुकडे केले. बाबांनी त्यांचा खाल्ला, आईनं तिचा. माझा कितीतरी वेळ जिभेवरच राहिला. आता परत करायलाही काही उरलं नव्हतं. त्यानंतर फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घ्यायचो.

रविवारी स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. तो साध्या शर्टात आजीजवळ उभा होता. समारंभ संपल्यावर आजी गर्दीतून माझ्याकडे आली. हातात ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या लेई. फुलं उद्यापर्यंत टिकायची नाहीत, तू त्याचा मित्र आहेस ना, असं म्हणून तिनं सगळ्या एकेक करून माझ्या गळ्यात घातल्या. मान वाकवून मी त्या घेतल्या. तेव्हाही बोललो नाही.

पुढे आम्ही कॅलिफोर्नियात आलो. ग्रीन कार्ड मिळालं, मी इंजिनिअर झालो. देवाला वाहायला आई चाफा आणायची, तेव्हा मी खोलीतून उठून जायचो. का ते तिला कधी सांगितलं नाही. ती गेली आणि मग तिला कळेल ही भीतीही राहिली नाही. मी त्या बेटाचं विमानाचं तिकीट काढलं.

मित्राचं तिथे टायरचं दुकान आहे. आजी केव्हाच गेली होती. त्यानं मला उलट्या बादलीवर बसवलं, खेकड्याची गोष्ट कामावरच्या माणसांना रंगवून सांगितली, माझ्या पोटाची चेष्टा केली. शुक्रवारबद्दल एक शब्द नाही. ती माणसं जेवायला गेली तेव्हा मी बादलीवरून उठलो.

मी म्हणालो, "तू खाल्लंस ते मी पाहिलं होतं. खिशात घालणारा मीच होतो. तुला आणि तुझ्या आजीला माझ्यामुळे स्टेजच्या खाली उभं राहावं लागलं. मला माफ कर."