मुरुमच्या स्टँडवरची माझी श्रद्धांजली

एम.एस्सी.चा निकाल लागला आणि मी वर्गात पहिली आले, त्या आठवड्यातली ही गोष्ट. धाराशिवला शिकायला होते. माझी खोलीतली मैत्रीण येडशीची. दोन वर्षं एकत्र राहिलो, एका डब्यात जेवलो, पण ती आमच्या गावाकडं कधी आली नव्हती. आमचं गाव मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. ‘तिकडं तुम्ही कानडीत भांडता म्हणे, मला ऐकायचंय,’ असं ती नेहमी म्हणायची. म्हणून या वेळी तिला बरोबर घेऊन निघाले.

नळदुर्गला गाडी बदलली. दुसरी गाडी मुरुमच्या स्टँडवर पोचेपर्यंत दुपार कलली होती. तिथनं गावाकडं टमटमनं जायचं. आम्ही उतरलो, पिशव्या खाली ठेवल्या. मी ओढणी झटकत होते, तेवढ्यात मैत्रिणीनं माझं मनगट पकडलं. ती नुसती समोर बघत राहिली.

समोर रसवंतीच्या बाजूला विजेच्या खांबाला एक फ्लेक्स बांधला होता. दोन्ही कडांना तेवत्या समया, वर काळ्या पट्टीवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि मधल्या गोलात मी.

बी.एस्सी.च्या पदवीदानातला काळा झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी, डोळ्यांना चष्मा, आणि सगळे दात दिसतील असं हसणं. खाली कुण्या वेगळ्याच बाईचं नाव होतं, त्याच्या आधी ‘कै.’ आणि पुढं ‘यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले’. त्याखाली ‘शोकाकुल, समस्त परिवार’. गोलाला झेंडूचा खराखुरा हार घातलेला. कुणीतरी उदबत्तीसुद्धा लावून गेलं होतं, तिची काडी खांबाच्या तारेत अजून अडकलेली होती.

मी जिवंत आहे हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा मी घशाला हात लावून बघितला. माणूस असं का करतो कोण जाणे. मग वाटलं, कुणीतरी मुद्दाम केलंय. कुणाचं वाकडं केलं मी?

रसवंतीवाला आमच्याकडं बघत होता. वयस्कर माणूस, खांद्यावर टॉवेल. तो यंत्र बंद करून जवळ आला.

‘नात का तुमी?’ त्यानं मला विचारलं.

मी फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

‘वळकलं म्या. अगदी तसंच तोंड हाय,’ तो म्हणाला. ‘सकाळधरनं लोकं बघायलेत. तरणेपणचा फोटू हाय म्हणं. लई शिकलेली होती म्हातारी. त्या टायमाला एवढं शिकणं म्हंजे...’

‘काका, तो माझा फोटो आहे,’ मी कशीबशी म्हणाले.

त्यानं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, ‘असतंय तसं. घरात एका तरी पोरीला आजीचं रूप येतंच. वाईट वाटून घेऊ नगा. वय झालतं त्यांचं.’

इथं माझ्या मैत्रिणीचा बांध फुटला. ती पिशवीवर बसली आणि ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली. तिचे खांदे हलताना बघून रसवंतीवाल्याला वाटलं ती रडतेय. तो घाईनं आत गेला आणि दोन ग्लास पाणी घेऊन आला.

मी मामांना फोन लावला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, आमच्या घरापासून चार दारं सोडून राहतात. भावकीत कुणाचंही काही चांगलं झालं की फ्लेक्स छापायचा, हा त्यांचा शौक. माझा झग्यातला फोटो त्यांनी चार दिवसांपूर्वी मागून घेतला होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. फोन उचलला, पण पलीकडं हलगीचा एवढा आवाज की त्यांना माझं एक अक्षर ऐकू जाईना. ‘कुठवर आलीस? मुरुम? या या, सगळे थांबलेत,’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला.

‘मामा तुझी माती करायला थांबलेत का?’ मैत्रीण म्हणाली. तिनं निघताना त्या फ्लेक्सचा मोबाईलवर फोटो काढला. मी नको म्हणत असतानाच काढला.

टमटममध्ये माझ्या डोक्यात एकच विचार. माझा फोटो इथं आलाय, तर त्या म्हातारीचा कुठं गेला असेल?

त्याचं उत्तर गावात शिरताच मिळालं. विहारापुढच्या मोकळ्या जागेत माणसं जमली होती. आई नवीन पातळ नेसून उभी, बाबा पांढरा सदरा घालून. हलगी जोरात. विहाराच्या कुंपणाला बांबू उभे करून वरती एक फ्लेक्स गुंडाळून बांधला होता. त्याची सुतळी मामांच्या हातात. मुरुमहून सकाळी आलेलं ते भेंडोळं त्यांनी कुणालाही उघडू दिलं नव्हतं, कारण मी आल्याशिवाय उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

‘मामा, थांबा. आधी ऐका,’ मी टमटममधनंच ओरडले.

त्यांनी सुतळी ओढली.

भेंडोळं खाली सुटलं. निळ्या आभाळात कबुतरं उडत होती आणि मधोमध एक म्हातारी, डोक्यावरनं पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, तोंडात दात नाहीत, आणि डोळे असे की फोटो काढणाऱ्याला आता हाणते की मग हाणते. तिच्याखाली माझं नाव, आधी ‘कु.’ लावून. ‘रसायनशास्त्र विषयात घवघवीत यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

मामांची फ्लेक्सकडं पाठ होती. माझा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं. मी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. त्यांना वाटलं, पोरीला आनंदानं बोलवेना. त्यांचेही डोळे भरून आले.

‘कसं वाटलं?’ त्यांनी विचारलं.

माझ्या मैत्रिणीनं तेवढ्यात जाऊन टमटमच्या मागं बसकण मारली होती. तिचा काही उपयोग नव्हता. गर्दीतली बारकी पोरं फ्लेक्स वाचत होती, मोठी माणसं एकमेकांकडं बघत होती. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मग बायकांच्या घोळक्यातनं एक बाई पुढं आली. वरच्या आळीतली, शेतकऱ्याच्या घरातली, आईबरोबर बचत गटात असलेली. माझं अभिनंदन करायला पेढे घेऊन आलेली. ती फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली, वर बघितलं, आणि हातातला पुडा खाली पडला.

‘ही तर माझी आत्या,’ ती म्हणाली. ‘परवाच मातीला जाऊन आले म्या.’

आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली. आईनं धावत जाऊन तिला धरलं. हलगी वाजवणाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता, त्याला एवढंच दिसलं की बाई फोटोपुढं बसून रडतेय. तो बिचारा एक क्षण थांबला आणि त्यानं ताल बदलून मयताचा धरला. माझ्या निकालाच्या कौतुकाला जमलेल्या माणसांनी, काय करावं न कळून, डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मी आजही सांगते, तेवढं गप्प गाव मी परत पाहिलं नाही.

सगळा उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. दुकान एक, दोन ऑर्डरी एकाच दिवशी, मजकूर कागदावर वेगळे दिलेले, दोन्ही फोटो मोबाईलवर आलेले, आणि मामांनी फोटोबरोबर नाव पाठवलंच नव्हतं. ‘फोटो बघून कळंना का?’ असं ते परत परत म्हणत होते. म्हातारीचं गाव जवळच होतं. तिच्या घरचे दुखवट्यात दारातच बसलेले, मुरुमला फ्लेक्स बांधायला नातवाचे मित्र गेले होते, आणि त्या मित्रांनी म्हातारीला कधी बघितलेलं नव्हतं.

घरात आल्यावर मैत्रिणीनं सगळ्यांना मोबाईलवरचा तो श्रद्धांजलीचा फोटो दाखवला. बाबा हसले, मामा कपाळाला हात लावून हसले. आईच्या हातात मोबाईल गेला आणि ती हसली नाही. बराच वेळ बघत राहिली. हार, समया, वरची काळी पट्टी.

‘हे पुसून टाक बाळा,’ ती मैत्रिणीला म्हणाली.

मैत्रिणीनं लगेच पुसला. पुसल्याचं आईला दाखवलंही. त्यानंतर आईनं मला चुलीपासून हलू दिलं नाही. हे दे, ते धर, इथंच बस. मीठ माझ्यापेक्षा तिलाच जवळ होतं, तरी मला मागितलं. भाकरी थापता थापता मध्येच म्हणाली, ‘म्हातारपणानं गेली असं लिवलंय न्हवं तुझ्याखाली? तेवढं खरं होऊ दे.’ मग मात्र तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्याला लावला. दिवसभरात मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या वेळी.

सकाळी मामा म्हणाले, त्या घरी जाऊन माफी मागायला पाहिजे. त्यांच्या आईचं अभिनंदन केलंय आपण, माणसं चिडली असतील. ते, मी, मैत्रीण आणि म्हातारीची ती भाची असे चौघं निघालो. फ्लेक्सचं भेंडोळं मामांच्या काखेत. वाटेत ते दोनदा म्हणाले, ‘मारत्यात का काय.’

पत्र्याच्या सपरात माणसं बसली होती. म्हातारीचा मुलगा साठीचा, नुकतंच मुंडण केलेला. भाचीनं आमची ओळख करून दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जागेवरनं अर्धवट उठला. बाजूच्या दोघी बायका मागं सरकल्या. काल दिवसभर गावातली माणसं मुरुमहून येऊन त्यांना सांगत होती की काकी तरुणपणी काय देखणी होती, आणि आता तीच दारात उभी.

मामांनी फ्लेक्स अंगणात उलगडला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, वारा होता म्हणून.

मुलगा फ्लेक्सच्या कडेला उकिडवा बसून वाचायला लागला. एकेक शब्द, बोट ठेवून. त्याची बायको उभ्यानंच वाचत होती. तिचं वाचन आधी संपलं. तिनं पदर तोंडाला लावला, मान फिरवली, पण आवाज आलाच. मग तिची नणंद. मग भाची, जी काल जमिनीवर बसून रडली होती. दुखवट्याच्या घरात तीन बायका एकमेकींना धरून हसत होत्या आणि आम्ही खाली मान घालून उभे.

मुलगा हसला नाही. मला वाटलं, आता हा मामांना धरणार.

‘हा फोटू आधार कार्डाच्या टायमाचा,’ तो म्हणाला. ‘हलू नगा, हलू नगा म्हणून ते पोरगं सारखं वरडायलं. आईनं त्याला शिव्या घातल्या आन् त्यानं नेमकं तवाच बटन दाबलं. दुसरा फोटूच न्हाय आमच्याकडं.’

मग त्यानं परत बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर.

‘पुढील वाटचालीस शुभेच्छा,’ त्यानं मोठ्यानं वाचलं. ‘बराबर हाय की. आमी काय लिवलं? दुःखद निधन. तुमी वाटंला लावताना चांगलं बोललाव तिला.’

मामा हात जोडून म्हणाले, ‘माफ करा पाव्हणं.’

‘माफी कशाची? बसा. चहा टाका गं.’ आणि मला म्हणाला, ‘तुमालाच दगदग झाली, पोरी. जित्त्या माणसाच्या फोटूला हार घातला आमच्या पोरांनी. सकाळीच काढून आणलाय तो.’

सपरातल्या खाटेखाली माझा फ्लेक्स घडी करून ठेवलेला मला दिसला. त्याच्या कडेनं माझी टोपी तेवढी बाहेर डोकावत होती. चहा आला. मी हातात कप धरून बसले होते. सगळ्या बायका माझ्याकडं टक लावून बघत होत्या, मी खरंच चहा पिते का हे बघावं तशा. नणंदेनं विचारलं, रसायनशास्त्र म्हणजे काय. मी सांगायला सुरुवात केली. म्हातारीच्या फोटोकडं बघत रसायनशास्त्र समजावणं मला जमेना, शब्द सापडेनात, आणि मग माझंच हसू सुटलं. दोन दिवसांतलं माझं पहिलं हसणं. थांबेना. कप खाली ठेवावा लागला.

परतताना मामा आम्हाला घेऊन मुरुमच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराला आपल्या करामतीचं फार काही वाटलेलं दिसलं नाही. ‘मजकूर बराबर होता न्हवं?’ एवढंच त्यानं विचारलं. दुसरा छापून देतो म्हणाला आणि फोटो मागितला.

‘फोटो नको,’ मी म्हणाले. ‘नुसतं नाव टाका.’

मामांना ते अजिबात पटलं नाही. पण त्या दिवशी माझ्याशी वाद घालायच्या परिस्थितीत ते नव्हते.