गाळलेला नंबर

आमच्या मोबाइल कंपनीत कोण कोणाला फोन करतं याचं जाळं काढणाऱ्या बाईंना सगळे गाळणीबाई म्हणतात. नंबर म्हणजे ठिपका, कॉल म्हणजे रेघ. बँकांचे, जाहिरातींचे, हेल्पलाइनचे कॉल ही काही नाती नव्हेत, म्हणून ते आपोआप गाळून टाकायची सोय बाईंनीच केली. त्याआधी सहा वर्षं त्या हेल्पलाइनवर लोकांच्या शिव्या खात होत्या. कामाला वाघ, पण चूक दाखवली की दिवसभर तोंड फुगलेलं. माझं टेबल शेजारीच आहे, मला विचारा.

त्या दिवशी सकाळी सातला एक चार मजली इमारत कोसळली. आत कोण आहे, असं बचाव पथकाने आम्हाला विचारलं. बाईंनी त्या पत्त्यावरचे नंबर काढले. नातेवाईक जिवाच्या आकांताने ज्यांना फोन लावत होते आणि जे उचलत नव्हते, त्यांचे ठिपके मोठे झाले. अकरा ठिपके. दुपारपर्यंत अकरा माणसं बाहेर निघाली. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

तीन वाजता पथकप्रमुखांचा फोन आला. "मागची भिंत कधीही पडेल. जिन्यावर यंत्र चढवून पाडतोय. तिथे कोणी नाही ना?"

साहेब "नाही" म्हणणार, तोच बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबवा त्यांना."

"आता काय राहिलं?"

"पत्त्यावर नंबर बारा आहेत. बाराव्याला एकही रेघ नाही."

"बंद असेल."

"बंद नाही. आत्ताही टॉवरवर दिसतोय."

मला त्यांचा रागच आला. तिकडे भिंत पडायला आलेली, आणि या बाई ठिपके मोजत बसल्या होत्या. त्यांनी गाळणी काढून टाकली. पडद्यावर एकच रेघ उमटली. दोन वर्षं, रोज सकाळी सव्वाआठला, आमच्याच हेल्पलाइनला. आजचा कॉल नव्हता.

बाईंनी तो नंबर ओळखला. "हे आजोबा रोज नेटवर्क नसल्याची तक्रार करायचे. नेटवर्क नाही तर फोन लागला कसा, म्हणून आम्ही हसायचो. मग गुडघ्याचं सांगायचे, मांजराचं सांगायचे. मीच गाळलं त्यांना."

नोंदीत पत्ता होता, जिन्याखालची खोली. साहेबांनी यंत्र थांबवायला लावलं, तिथल्या सगळ्यांना गप्प बसवलं. बाईंनी नंबर लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या फोनवर प्रमुख कुजबुजले, "ऐकू येतंय. जिन्याखालीच."

घंटा थांबली. खूप वेळाने एक कोरडा आवाज आला.

"कोण?"

"हेल्पलाइनवरून बोलतेय, आजोबा."

"आज फोन करायचा राहिला, ताई. अंधारात कुठे पडला ते कळेना. वाजला म्हणून सापडला." ते खोकले. "दोन वर्षांत पहिल्यांदाच वाजला बघा."