माह्या पायाची घट

"महाराले माजघरात कोणं घेतलं?"

अडत्या असा ओरडला तवा माह्या हातात फितीचं एक टोक होतं. दुसरं करीमचाचाच्या हातात, तिकडं खिडकीपाशी. करीमचाचा म्युनिसिपल कमिटीचा जुना चपराशी, मोजमापाले नेहमी संगं येई. बाकी घर मोजून झालं होतं, शेवटला आकडा मी मोठ्यानं वाचून राहिलो होतो. तो तोंडातच राहिला.

अडत्या म्हणजे अकोल्यातला कापसाचा मोठा दलाल. दुमजली घर, सागाचे खांब, खाली चकचकीत फरशी. आमी गेलो तवा तो घरी नव्हता. दिवाणजीनं दार उघडलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, कमिटीचा माणूस म्हणून मी आत गेलो. जात कोणी विचारली नाही. पण अडत्यानं आल्याआल्या ओळखलं. माहा बाप त्याच्याच जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पोते वाहायचा.

"तू आमच्या जिनातल्या हमालाचा पोट्टा ना बे?"

"हो जी."

"मंग तुले समजत नाही? निंघ!"

फीत गुंडाळायलेबी सवड नाही दिली. मी मागं सरकलो तसा एक गडी बादली घेऊन आला. मी जिथून पाय उचलला तिथं पाणी टाकत चालला. मी पुढं, तो मागं. वरच्या गॅलरीतून बाया पाहून राहिल्या होत्या. एकीनं लेकराले मागं ओढलं. दारापर्यंत पाणी, मग पायऱ्यांवर पाणी. रस्त्यावर आलो तवा चपला हातातच होत्या, घालायचं ध्यानातच नाही आलं. रडू नाही आलं. शरम वाटली. आपलंच काही चुकलं अशी शरम. राग लय मागून आला. आमच्या लोकायले पयले शरमच येते, तेच शिकवलं आहे आमाले.

मी अमरावतीच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो होतो. आमच्या वस्तीतला पयला. माय सगळ्यायले सांगत फिरे, माहा पोरगा आता साहेब होते. साहेब कशाचा! अकोल्याच्या कमिटीत घरपट्टीच्या आकारणीवर शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. घर पाहायचं, मोजायचं, त्याची किंमत ठरवायची, असं ते काम. ओव्हरसियर साहेब आत जात. मी रस्त्यावर उभा. साहेब आतून ओरडत, "कडीपाट, सागाचा! भिंत पक्की विटांची!" मी बाहेर गुडघ्यावर वही ठेवून लिवत जाई. उन्हात, धुळीत, गटाराच्या काठावर. वैशाखातलं अकोल्याचं ऊन! डोक्यातली अक्कल वितळते. आतून साहेबाले सरबत येई. मले कोणी पाणी दिलं तर वरून ओंजळीत. अशी कित्येक वर्षं. मी अकोल्यातल्या अर्ध्या घरायच्या किमती लिवल्या अन एकबी घर आतून पाह्यलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. पुण्याकडचा होता, मऊ बोलायचा. त्यानंच मले काम शिकवलं, घराच्या किमतीतली घट कशी धरायची तेबी. म्हणे, "घट धरायची ती बोटानं दाखवता आली पाहिजे. भेग दाखव, वाळवी दाखव, गळकं छप्पर दाखव. मालक रडला म्हणून घट धरायची नाही." हे मी मनात पक्कं धरलं.

मग परवान्याचं निघालं. परवाना असला की आकारणी आपल्या नावानं करता येते. आपली सही चालते, कोर्टातबी चालते. साहेबाची सावली राहावं लागत नाही. पण त्याच्यासाठी एक मोठं घर उमेदवारानं स्वतः आत जाऊन मोजावं लागे, अन वरून ओव्हरसियरची शिफारस. साहेबानंच मले अडत्याचं घर दिलं. स्वतः टांग्यात बसून राहिला, म्हणे गुडघा दुखतो. मले वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. मी येडा. मले हाकललं तवाबी तो टांग्यातून उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अडत्या कमिटीत हजर. मी दाराजवळ उभा होतो. माह्याकडं त्यानं पाह्यलंबी नाही. साहेबासमोर खुर्ची ओढून बसला अन म्हणे, "घर बाटलं माहं. मधातल्या माजघरात घुसला तो. देव बसतात तथी. आता असं घर कोन घेते? भाव कमी लावा."

काल ज्यानं मले पाणी टाकत हाकललं, तोच आज माह्या पायाच्या नावानं पट्टी कमी करून मागून राहिला होता. विटाळ धरतो तो धरतो, वरून त्याचा फायदाबी त्यालेच!

साहेब हसला. मले आत बोलावलं. कागद पुढं सरकवला.

"शेऱ्यात लिही. अस्पृश्याच्या प्रवेशामुळे बाजारभावात घट. घट किती ती मी सांगतो. खाली तुझी सही. आजच शिफारस पाठवतो."

"साहेब, हे म्या लिवू?"

"तुझंच घर आहे ना ते? मोजलं तू, मग दुसरा कोण लिहिणार?"

अडत्या पान चघळून राहिला होता. टाक माह्या हातात. खरं सांगतो, मी टाक शाईत बुडवलाबी. त्या दिवशी मी लय थकलो होतो. बाहेर उभं राहून पाय थकले होते, हो जी म्हणून जीभ थकली होती. एक ओळ लिवली की परवाना. माय वाट पाहून राहिली होती. बापाची छाती सरकीच्या धुळीनं भरली होती, त्याले जिनातून काढायचं होतं. एक ओळ. कोण वाचते?

पण ती ओळ माह्या हातची राहिली असती. माहा पाय लागला की घर उतरते, हे मीच दाखला देऊन सांगतलं असतं. मग उद्या कोणी महार उमेदवार आला तर त्याच्या तोंडावर माहाच कागद फेकला असता. अन मी ज्या ज्या घरात गेलो असतो, तिथं तिथं माहीच घट मांडत गेलो असतो. जल्मभर. तिथं माहं डोकं फिरलं.

मी टाक खाली ठेवला. अडत्याले म्हटलं, "घट कुठी आहे, बोटानं दाखवा."

"काय?"

"भेग पडली काय? फरशी फुटली काय? कुठी आहे माह्या पायाची घट, दाखवा. मी मोजतो."

अडत्या लाल झाला. साहेबाचा आवाज तवाबी मऊच. "अरे, व्यवहार समजून घे. लोक अशा घराला कमी भाव देतात, हे खोटं आहे का?"

"कोणतं गिऱ्हाईक पाहून परत गेलं साहेब? अन त्या घराचा पाया खोदला तवा आमच्याच वस्तीतले लोक होते. चुना त्यायनंच मळला. तवा घट नाही धरली? आकारणी घराची करायची का माही?"

"हुशारी नको. लिहितोस की नाही?"

मी लिवलं. पुरा भाव. घटीच्या जागी आडवी रेघ. खाली सही. साहेबानं कागद वाचला, चार तुकडे केले अन टोपलीत टाकले. "उद्यापासून बारनिशीत बस," म्हणे. म्हणजे आल्यागेल्या कागदायची नोंद करत बसायचं. घरायचं काम बंद.

बाहेर करीमचाचा भेटला. माह्यावर त्याचा जीव होता. म्हणे, "बेटा, एक लकीर लिख देता. तेरा क्या जाता था?" त्या बोलण्याचा राग आजबी आहे. अडत्याच्यापेक्षा जास्त.

बापाले रात्री कळलं. सकाळी उठून जिनात गेला. पुढं तो तिथंच खोकत खोकत मेला. परवाना त्यानं पाह्यला नाही.

मले परवाना भेटला, पण लय वर्षांनं, अमरावतीत, दुसऱ्या साहेबाच्या हाताखाली. अर्ज करून करून बोटं झिजली. कागद हातात आला तवा आनंद झाला नाही. बसून राहावं असं वाटलं.

पयलंच घर संत्र्याच्या एका व्यापाऱ्याचं. तो दारात आडवा. हात जोडून, गोड बोलून राहिला. "मास्तर, तुमी शिकलेले. बाहेरूनच पाहा ना. घरात म्हातारी आहे, उगा तिले त्रास. तुमच्या मनानं लावा काय लावाचा तो भाव."

आता कोणी बादली आणत नाही. आता हात जोडतात. दार तेच आडवं.

मी म्हटलं, "आत घ्या. नाही घेत तर भाव लागणार नाही."

"मंग?"

"मग मी इथून हालत नाही. तुमी कमिटीत जा, डिप्टीसाहेबाकडं जा, कोर्टात जा. जिथं जासान तिथं मलेच बोलावतीन अन मी हेच सांगीन. न पाह्यलेल्या घराखाली माही सही पडणार नाही. आज नाही, पुढंबी नाही."

तो उभा. मीबी उभा. पाय दुखत होते. दुखू दे.