वर्षभरानं धुतलेली काच

वेधशाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. आकाशाचा तुकडा न् तुकडा टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीतल्या फोटोच्या काचा रसायनात धुण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. रात्री निरीक्षक फोटो घेतलेली काच बंद पेटीत घालून अंधारखोलीच्या भिंतीतल्या खिडकीत ठेवी. सकाळी येऊन ती मिट्ट अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं धुवायची. आधी निरीक्षक तिचा थोरला भाऊच होता. गेल्या वर्षी दुर्बिणीपाशीच त्याचं हृदय बंद पडलं. "एका क्षणात गेले, त्यांना कळलंही नसेल," असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीनं त्या एका वाक्यावर वर्ष काढलं.

त्या सकाळी खिडकीत एकच पेटी होती. काचबाईनं काच धुतली, दिवा लावला आणि ती उजेडाला धरली. मधोमध तेजोमेघ, निगेटिव्हवर उमटतो तसा काळ्या धुरासारखा. पण प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलेलं, सगळ्यांना एकाच बाजूला.

"रात्री डुलकी लागली वाटतं?" तिनं नव्या निरीक्षकाला फोन करून चिडवलं.

"डुलकी कसली, बाई? रात्रभर ढग होते. घुमट उघडलाच नाही. मी काही ठेवलं नाही तिथं."

तिनं काच पुन्हा उजेडाला धरली. काचेच्या कडेला पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. अक्षर दादाचं. तारीख तो गेला त्या रात्रीची.

ती भिंग घेऊन बसली. तासभर एक तारा नजरेनं धरून, बटणं दाबत दुर्बीण सावरायची, हे निरीक्षकाचं काम. हात सुटला की तारे घसरतात. ठरलेला तास संपला की काचेपुढची झडप आपोआप मिटते. इथं तारे घसरले होते, पण त्या शेपटात दोन गाठी होत्या. हात सुटल्यावरही दोनदा दादानं तारा ओढून जागेवर आणायला पाहिलं होतं.

पेटी वर्षभर कुठं होती, कुणी आणून ठेवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

खराब काच फोडायचा नियम होता. तिचा हात धजेना. संध्याकाळी ती काच कापडात गुंडाळून वहिनीकडे गेली.

"वन्सं, या गाठी कसल्या?" वहिनीनं विचारलं.

काचबाईनं कडेच्या तारखेवर बोट ठेवलं. तिचा चेहरा पाहूनच वहिनी समजली.

"किती वेळ?"

"दुसऱ्या गाठीपर्यंत दहा-बारा मिनिटं असतील."

वहिनीनं काच पुन्हा कापडात नीट बांधली. "न्या ही. घरात नको. पण फोडूही नका."

काचबाईनं ती चांगल्या काचांच्या कपाटात ठेवली. हल्ली रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी ती नव्या निरीक्षकाला फोन करते आणि पेट्या किती ठेवल्यात ते विचारून घेते. तोही न हसता आकडा सांगतो.