कॅरियरवरचा हात

वहिनी लग्न होऊन कटंगीकडच्या खेड्यातून आमच्या भरवेलीच्या खाण-कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला एकच गोष्ट धड येत होती: मारामारीचा व्हिडिओ गेम. मामांनी नागपूरहून जुनं यंत्र आणून दिलं होतं. रिमोटवर खाली, तिरकं, पुढं आणि मग बुक्का, एवढं सगळं एका दमात दाबलं की आपला पहिलवान आगीचा गोळा फेकायचा. हे जमायला मला सहा महिने लागले होते. त्याचा माज मला दहावीच्या मार्कांपेक्षा जास्त होता. मार्क तसे माजण्यासारखे नव्हतेच.

दुपारी बाबा आणि दादा खाणीवर असत, आई झोपलेली असे. वहिनी डोक्यावर पदर घेऊन तांदूळ निवडता निवडता टीव्हीकडे बघायची. एकदा मी चेष्टेनं रिमोट तिच्यापुढं केला. तिला काही गोळा फेकता येईना. मग मी सेटिंगमध्ये जाऊन नवशिक्यांसाठीचा सोपा पर्याय तिच्या रिमोटला लावून दिला: एक बटण दाबलं की गोळा. पहिला गोळा सुटला तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली, की आई उठते की काय असं वाटलं. आमच्या घरात तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पंधरा दिवसांत ती मला हरवू लागली. माझं लक्ष माझ्या बोटांवर असायचं, तिचं माझ्या पहिलवानावर. झेप घेण्याआधी मी जरा मागं सरकतो, ही सवय तिनं केव्हाच हेरली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणायचो, सगळी त्या बटणाची कृपा.

एका दुपारी दोन मित्र आले होते आणि त्यांच्यासमोर तिनं मला लागोपाठ तीनदा आडवं केलं. "अरे, भाभी से हार गया!" त्यांना हसू आवरेना. माझ्या डोक्यात सणक गेली. ती पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात मी तिचा सोपा पर्याय गुपचूप बंद करून टाकला.

ती परत येऊन बसली. बटण दाबलं, तर पहिलवान नुसते हवेत बुक्के मारत राहिला. तिनं पुन्हा पुन्हा दाबलं, रिमोट उलटा करून पाहिला. मी तिला कोपऱ्यात गाठून बडवत होतो. शेवटी तिनं रिमोट खाली ठेवला. "माह्याच्यानं नाही होत, भाऊजी," म्हणाली आणि पदर सारखा करून उठली. त्यानंतर ती खेळायला बसली नाही.

मी माझ्या मनाची समजूत घातली होती. आमच्या कॉलनीत सायकल अशीच शिकवतात. मागून कॅरियर धरून पळायचं आणि न सांगता हात सोडायचा. शिकणाऱ्याला कळतं तोवर तो बराच पुढं गेलेला असतो. मीही हातच सोडला, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण हात सोडतात तो माणूस तोल सांभाळू लागला म्हणून. मी सोडला तो ती जिंकत होती म्हणून.

दिवाळीनंतर एका छोट्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायला बाई हव्या होत्या. वहिनी बारावी पास होती, तिला घेतलंही. शाळा पायी जाण्यासारखी नव्हती, म्हणून दादानं लेडीज सायकल आणली. वहिनीनं हँडलला हात लावला आणि काढून घेतला. "माह्याच्यानं नाही होत. नाही म्हणून सांगा शाळेत. त्या खेळात पाह्यलं न तुमच्या भावानं."

दादानं माझ्याकडं पाहिलं. "काहून रे, काय झालतं?"

मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. दादा चिडला. वहिनीनं मात्र मलाच विचारलं,

"म्हणजे माह्या हातात खोट नव्हती?"

"नव्हती, वहिनी."

"अन् मी इतके दिवस तसंच समजून राह्यली होती!"

तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दादाची सकाळची पाळी होती, म्हणून ग्राउंडवर तिच्यासोबत मी गेलो. ती सीटवर बसल्यावर सवयीनं मागं जाऊन कॅरियर धरलं.

"ते सोडा," ती म्हणाली. "तुम्ही कवा सोडता, मले समजत नाही. समोर चाला, मले दिसले पाह्यजे तुम्ही."

मग मी तिच्यासमोर उलटा चालत राहिलो, दोन्ही हात तिला दिसतील असे वर धरून. ती दोनदा पडली. मी धावलो, तर म्हणाली, "तिथंच राहा." तिसऱ्यांदा ती थेट माझ्या अंगावर आली. मी बाजूला झालो आणि ती पार ग्राउंडच्या टोकापर्यंत गेली. मागं वळून तिनं आधी माझे हात पाहिले. ते अजून वरच होते.