डिलियाच्या जपाचं शेपूट

गॉर्टनली या आयरिश खेड्याने डिलिया टार्पीच्या जपमाळेची धास्ती घेतली होती. मूळ जप आटपायचा झटक्यात. मग बाई त्याला शेपूट जोडायची. मेलेल्यांसाठी एक प्रार्थना, अमेरिकेला गेलेल्यांसाठी एक, शेजारणीच्या आटलेल्या गाईसाठी एक. गुडघ्यांना मुंग्या आल्या तरी उठायची सोय नाही. प्रार्थना मध्येच तोडणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता.

इंग्रजांच्या शिपायांनी बंडखोर कोलमन हेनेगनला पुलावरच्या चकमकीत गोळ्या घातल्या, त्याला पन्नास वर्षं झाली. गावाने तिथे शिळा उभारली. समितीचा अध्यक्ष फिंटन कफ. त्याचा गुत्ता मोठा, पोट मोठं आणि भाषण त्याहून मोठं. डिलिया त्याला गाठून म्हणाली, "भाषणात माझ्या आईचं नाव घे. कोलमनची काडतुसं तीच पोचवायची, अंड्यांच्या टोपलीतून."

"अगं, शौर्याच्या भाषणात कोंबड्या कुठे घुसवू?" फिंटन हसला. "तुला जप दिलाय ना? तो सांग. आणि आटोपता घे."

"बघते," डिलिया म्हणाली.

सोहळ्याला सारी पंचक्रोशी लोटली. फिंटनने आपल्या बापाचे गोडवे गायले. चकमकीच्या दिवशी तो बाप पलंगाखाली होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं? मग टोप्या उतरल्या, माणसं ओल्या गवतात गुडघ्यांवर आली. डिलियाने जप संपवला. फिंटन उठायला लागला.

"आणि माझ्या आईसाठी, ऑनर टार्पीसाठी," डिलियाचा आवाज आला, "जिने काडतुसं घेऊन हा पूल ओलांडला. नमो मारिया..."

फिंटन पुन्हा गुडघ्यांवर आला. लोकांनी प्रार्थना पुरी केली.

"ऑनरसाठी, जिला शिपायांनी पहाटेपर्यंत गारठ्यात उभं केलं, तरी कोलमन कुठे आहे ते तिने सांगितलं नाही. नमो मारिया..."

आता लोकांचा आवाज पुलाच्या कमानीत घुमला.

"आणि फिंटन कफसाठी, त्याची स्मरणशक्ती परत यावी म्हणून."

फादरसुद्धा खाली मान घालून हसले. सगळ्यांचे डोळे फिंटनवर. बिचाऱ्याला सगळ्यात मोठ्याने 'आमेन' म्हणावं लागलं.

कोलमनच्या तुकडीतला एकटा उरलेला म्हातारा, पीडर मोरन, काठी टेकत आला. स्वतःच्या कोटावरचं पदक काढून त्याने डिलियाच्या शालीला टोचलं.

"हे ऑनरचं. मी नुसतं सांभाळलं."

संध्याकाळी गुत्त्यात फिंटन छाती काढून सांगत होता, ऑनरचं नाव घ्यायची कल्पना मुळात आपलीच. कुणी वाद घातला नाही. आज पाजणारा तोच होता.